न आणलेला तराजू

बसलिंग,

तुला मातीत बसवून आज अकरा दिवस झाले. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला. तहान नव्हती आणि वाराही नव्हता. साठ वर्षं मी असाच उठत आलो आहे. तुला सांगायचं तोंडाशी आलं की मला काहीतरी काम निघायचं. कधी शाळेची तपासणी, कधी पोरीचं लग्न, कधी तुझ्याच दुकानात गिऱ्हाईक आलेलं. दोघांतला एक जण गेला की हे आपोआप संपेल, असंही मनात यायचं. तू जाशील आणि मी मोकळा होईन, असं ते होतं. लपवून काय करू?

तुझ्या मातीच्या वेळी काय झालं ते तुला कोण सांगणार? मीच सांगतो. खड्ड्यात तुला मांडी घालून बसवलं. विभूती लावली. स्वामींनी तुझ्या गळ्यातलं लिंग सोडलं, ते तुझ्या डाव्या तळहातावर ठेवायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. उदगीरकडचे तरुण स्वामी होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शाल बाजूला केली तर तुझा डावा हात मनगटाशीच संपलेला.

"डावा तळहात...?" त्यांनी वर बघत विचारलं.

तुझा धाकटा भाऊ खाकरला. तेवढ्यात गंगाबाईंनी, तुझ्या बायकोनं, कडेला बसल्या होत्या तिथून सांगितलं, "उजव्यात ठिवा. मापाचा हात हाय त्यो."

ठेवलं. पण माझ्या पुढं गंजातले, धान्याच्या बाजारातले, दोन म्हातारे आडते उभे होते. त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी लागला आणि दुसरा उपरण्यात हसला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती. ते वाक्य मीच बाजारात सोडलेलं आहे. "बसलिंगनं बंदुकीला बी शीग लावली." लातूरच्या गंजात तुझ्यावर साठ वर्षं हसले ते या वाक्यानं, आणि तुझ्या खड्ड्याच्या कडेलाही ते माझ्या आधी येऊन उभं होतं.

हा कागद मी छापायला देणार आहे. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही लिहितो, ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी.

धान्य मापानं मोजायचे ते दिवस. मापाच्या काठावर पट्टी फिरवली की ते सपाट माप. काठाच्या वर धान्याचा डोंगर उभा राहीपर्यंत ओतलं की ती शीग. तुझ्या वडिलांच्या आडतीचा लौकिकच होता की त्यांच्याकडून शीग लावल्याशिवाय माप उठत नाही. तू त्यांचा थोरला. सुगीत आमच्या चाकूरकडच्या खळ्यावर माप घालायला तूच यायचास. तू आणि मी एकाच वयाचे, विशीच्या आतबाहेर. मी हैदराबादला कॉलेजात उर्दू आणि इंग्रजी शिकत होतो, आणि सुट्टीत घरी आलो की माझ्या वडिलांच्या, नानांच्या तोंडी तुझं नाव. "बसलिंगचा हात बघ. शंभर मापं घालू दे, दाण्याचा फरक नाही. शिकून तुझ्या हाताला काय आलं?" हे ते तुझ्या देखत म्हणायचे. तू मान खाली घालून माप ओतायचास. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. "लाभ, लाभ, लाभ हो... दोन, दोन, दोन हो..." तुझा तो आवाज खळ्याबाहेर रस्त्यापर्यंत यायचा. मला तो आवडायचा. आणि नाना तो डोळे मिटून ऐकायचे ते मला सहन व्हायचं नाही. दोन्ही खरं आहे.

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते शेवटाला आलंय हे आपल्याला ठाऊक नव्हतं. मोठी लढाई नुकती थांबली होती. नानांकडं आजोबांच्या वेळची परवान्याची दुनळी बंदूक होती आणि घरात एकही भरलेलं काडतूस नव्हतं. लढाईत माल येणं बंद झालं ते सुरळीत झालंच नव्हतं. रिकाम्या नळकांड्यांनी मात्र फडताळ भरलं होतं. भुईमुगात डुकरं शिरत होती. तेव्हा नानांनीच काढलं की रिकामी काडतुसं घरीच भरावी, हैदराबादला त्याचं सामान मिळतं. मी दिवाळीला येताना आणायचं असं ठरलं.

मी निघालो तेव्हा तू मोटारीपर्यंत पोचवायला आलास. तू कधी मुंगी मारली नाहीस, बंदुकीला हात लावला नव्हतास. पण मोजायचं काम म्हटल्यावर नानांनी ते तुझ्याकडं सोपवलं होतं, आणि तुला त्याची धास्ती होती.

"दत्तू, दुसरं काई नाई आणलास तरी चालंल. तराजू आण."

"तुला रे कशाला तराजू? तू मापाचा राजा."

"ज्वारीचा हाय. बंदुकीच्या दारूची वळख न्हाई माझ्या हाताला. नवशिक्यानं तोलून बघावं. आण बरं का. इसरू नको."

मी विसरलो नाही, बसलिंग.

पथरगट्टीच्या अलीकडं एका गल्लीत ते दुकान होतं. मालक म्हातारे, मेंदी लावलेल्या दाढीचे. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी काउंटरवर सगळं मांडलं. दारूचा डबा, छर्रे, नव्या टोप्या. काडतुसाच्या बुडाची जळकी टोपी ठोकून काढायची सळई आणि नवी बसवायचा दस्ता. छर्ऱ्याच्या खाली घालायच्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या. काडतुसं उभी करायला भोकांची लाकडी फळी. दारू घ्यायचं अंगठ्याएवढं पितळी माप, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली एक पितळी पट्टी. हे तर घ्यावंच लागणार होतं. त्याखेरीज दोन वस्तू होत्या, आणि नानांनी दिलेल्या पैशांत त्यातली एकच बसत होती. एक म्हणजे मखमलीच्या डबीतला छोटा तराजू. दुसरं म्हणजे पुठ्ठ्याच्या काडतुसाची कड आत वळवून तोंड बंद करणारं यंत्र. ते टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, वर पितळेची मूठ, फिरवली की घंटीसारखा आवाज. ते काम हातानं आणि लाकडी ठोकळ्यानंही होतं, मालकांनी करून दाखवलं.

"कौन भरने वाला है? नवा हाथ है क्या?" त्यांनी विचारलं.

"नवाच."

"तो मियाँ, पहले तराजू लेव. ये चमकने की चीज़ां बाद में बी मिलते. दारू नये क़िस्म की है. बंदूक कब की है?"

"आजोबांची."

त्यांनी जीभ चावली. "फिर तो माप भर को पट्टी फिराए बग़ैर नली में नक्को डालना. ऊपर ज़रा बी नहीं. समझे?"

मी समझा म्हणालो आणि यंत्र घेतलं. ते आमच्या ओसरीवर रस्त्याकडच्या बाजूला बसवायचं, जाणारे-येणारे बघतील आणि मूठ मी फिरवीन, हे मला दिसत होतं. तराजू आणला असता तर तो तुझ्या हातात गेला असता. तराजू मालकांनी पुन्हा कपाटात ठेवला. वरून दुसरी फळी. आज मी कुठं चष्मा ठेवतो ते मला आठवत नाही, पण ती फळी आठवते.

लातूर रोडला गाडीतून उतरायच्या आधी मी मापाचा दोरा तोडला आणि पट्टी कोटाच्या खिशात टाकली. घाईत राहून गेली असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. घाई कसली? गाडी अजून स्टेशनात शिरायची होती. मला तुझं माप एकदा चुकलेलं बघायचं होतं, नानांच्या देखत. बार कमीजास्त उडेल, खांद्याला दणका बसेल, मग मी खिशातून पट्टी काढीन आणि म्हणेन, घ्या, हा तुमचा मापाडी. एवढीच मजा करायची होती.

पेटी उघडल्यावर तू आधी तळाशी हात घातलास.

"तराजू?"

"नव्हता दुकानात. संपलेत म्हणाले."

"सगळ्या हैदराबादेत?"

"सगळं हैदराबाद हिंडायला तू पाठवला होतास का मला?"

मग माप उचलून डोळ्यांपुढं धरलंस, आत फुंकर घातलीस, काठावरून बोट फिरवलंस. नाना पान लावत ओसरीच्या पायरीवर बसले होते. तू माप बुडवलंस, वर काढलंस आणि अंगठ्याच्या कडेनं काठ साफ केलास. पट्टी नसताना, कुणी सांगितलेलं नसताना.

"ही ज्वारी न्हाई, नाना," तू म्हणालास. "हितं शीग नको."

बरोबर करत होतास तू. माझ्या खिशात पट्टी होती आणि माझा हात त्या पट्टीवर होता. दुसरंही तसंच भरलंस. नाना म्हणाले, "बघ दत्तू, याला म्हणतात हात." ते हे म्हणाले नसते तर पुढचं झालं नसतं, असं मी एके काळी मानायचो. मेलेल्या बापावर ढकलायची सोय असते.

मी म्हणालो, "दुकानात बापाच्या देखत शीग, आणि आमच्या घरी आलास की अंगठा? आम्हा देशपांड्यांची दारू सांडली तर काय तुझ्या घरची जाते? वाण्याचा अंगठा अखेर वाण्याचाच."

नाना खो खो हसले. "हात आखडला रे त्याचा, असू दे!"

तुझे कान लाल झाले होते. "आमच्या दुकानातून शीग लावल्याबिगर माप उठत न्हाई," तू हळूच म्हणालास.

"मग दाखव की. का ते फक्त सांगायला?"

"दत्तू, ही दारू हाय रे..."

"भ्यायला!"

तू भरलीस. चार काडतुसं, डोंगरासारखी शीग लावून, प्रत्येक वेळी माझ्याकडं बघत. चौथ्याला मी म्हणालो, "आता दिसला बरं तुझ्यात तुझा बाप." यंत्राची मूठ मी फिरवली. छान वाजली. अंगठ्याची दोन तू फळीच्या डाव्या भोकांत ठेवलीस, शिगेची चार उजवीकडं. तू काही नेम धरून ठेवली नव्हतीस. पण मी बघत होतो.

ओढ्याच्या पलीकडं दगडावर फुटकं मडकं ठेवलं. नाना घरीच थांबले. आपण दोघंच होतो. मी फळीवरून डावीकडची दोन घेतली आणि दोन्ही नळ्यांत घातली. तू मागं चार पावलांवर कानात बोटं घालून उभा.

पहिला बार उडाला. मडक्याचा काठ गेला. तू ओरडलास, "लाभ!"

दुसरा. मडकं कोसळलं. "दोन! दोन हो!" आणि तू नाचायला लागलास. आपण दोघंही नाचलो. त्या क्षणी माझ्या मनात तुझ्याबद्दल काडीचंही वाईट नव्हतं, हेही लिहून ठेवतो. तू भरलेलं नीट उडालं म्हणून मी तुझ्या पाठीवर थाप मारली. मग मी बंदूक मधून मोडून उघडली, जुनी नळकांडी काढली आणि उजवीकडचं एक आत घातलं.

बंदूक मिटली आणि मला दुकानदारांचा आवाज आठवला. ऊपर ज़रा बी नहीं. काडतूस काढून टाकायला एक पळ लागला असता. काढायचं तर का काढतो ते सांगावं लागलं असतं. मग पट्टी दाखवावी लागली असती, मग तराजू. आणि ते खांद्याला लावून वाजवायची माझी हिंमत नव्हती. मी वळलो.

"आता तू."

"मी? न्हाई बा. आमच्यात चालत न्हाई."

"कुणाला मारायचंय का? खापरं आहेत. भरलंस तू, वाजवायचं मी एकट्यानं? घे. तीन तू म्हण."

तू हसलास. बंदूक लाजत लाजत घेतलीस, लेकरू घ्यावं तशी. डावा हात नळीखाली कुठं धरायचा ते मी तुला दाखवलं. मी स्वतः तुझी बोटं धरून तिथं लावली. मग मी मागं सरलो. तू माझ्यामागं चार पावलांवर उभा होतास. मी तुझ्यामागं दहा पावलं गेलो.

तीन तू म्हणालाच नाहीस.

धूर गेल्यावर तू खाली बसलेला होतास आणि नळी फुलासारखी उकललेली होती. तुझा हात मी इथं लिहीत नाही. तू त्याच्याकडं बघितलंसही नाही. माझ्याकडं बघून अगदी नीट आवाजात विचारलंस, "माप चुकलं का रे माझं?"

मी म्हणालो, "हो."

गाडीला बैल जुंपून लातूरच्या दवाखान्यात नेलं. हात मनगटापासून काढावा लागला. तिसऱ्या दिवशी पोलिस ठाण्याचे अमीनसाहेब चौकशीला आले. नानांचा परवाना धोक्यात होता, आणि नाना माझ्याकडं नुसते बघत होते. जबानी उर्दूत द्यायची. तुला मोडी यायची, उर्दू येत नव्हती. अमीनसाहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला, "आप पढ़े-लिखे हो, लिख देव." मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. बसलिंग यानं आपल्या मर्जीनं काडतुसं भरली, बाजारातल्या सवयीनं शीग लावली, दत्तात्रय यानं मना केलं असता ऐकलं नाही आणि बंदूक हिसकून घेतली.

तुझ्या खाटेशी बसून मी ते तुला मराठीत वाचून दाखवलं. मना केल्याचं आणि हिसकल्याचं वाक्य गाळून. तापात होतास. "शीग लावली हे बरोबर लिव्हलास," म्हणालास आणि उजव्या हाताचा अंगठा उठवलास. ज्या अंगठ्यानं तू काठ साफ केला होतास, तोच.

आणि मग लगेच, शाई पुसता पुसता, "तराजू असता तर कळलं असतं बघ. खरंच नव्हता का रे दुकानात?"

"नव्हता."

हात गेल्यानंतर ते पहिल्यांदा.

पुढचं गंजाला ठाऊक आहे, पण अर्धं. उर्दू कागद ठाण्यातून बाजारात आला, आणि मी चहाच्या दुकानात त्याला ते वाक्य जोडलं. लोकांना हसू यावं म्हणून. आपल्याकडं लोकांनी कशाला हसावं हे मला शाळेच्या दिवसांपासून चांगलं कळायचं. वडील होते तोवर त्यांनी तुला आडतीवर बसवलं, पण गिऱ्हाईक माप घ्यायला धाकट्याच्या रांगेत उभं राहायचं. एका हातानं माप उचलता यायचं, ओतता यायचं नाही. आणि ओतता आलं असतं तरी कुणी घेतलं नसतं. शेवटी तू दुकानाच्या दाराशी वेगळी बैठक मांडलीस. नारळ, दोर, खराटे, पत्रावळी. माप न लागणारा माल. नगावर विकायचा. मी पुढं लातुरातच शिक्षक झालो; तुझ्या दुकानावरून सायकलनं शाळेत जायचो तेव्हा तू नारळ कानाशी धरून हलवत असायचास.

आणि तू हसायचास, हेच मला सोसायचं नाही. शाळेच्या कार्यक्रमात मी मुख्याध्यापक म्हणून बोलायला उभा राहिलो की तू मागून ओरडायचास, "गुरुजी, टाळी मागू नका, माझ्याकडं अर्धीच हाय!" सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येऊन जेवायचो नाही.

तुला लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची असते, हे मला तू सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तुझं लग्न झाल्यावर एकदा सकाळी मी घरी आलो होतो. गंगाबाई तुझ्यासमोर डावा तळहात पुढं करून बसल्या होत्या, त्यावर लिंग होतं आणि तू उजव्या हातानं पाणी सोडत होतास. मला बघून त्यांनी हात हलवला नाही. तू म्हणालास, "ये. माझा डावा हात आता हिच्याकडं असतो." मी उंबऱ्यातूनच परत फिरलो. त्या बाईंचा हात पुढं पन्नासहून जास्त वर्षं रोज तसा धरलेला राहिला, आणि मी त्यांना प्रत्येक दिवाळीला नमस्कार केला.

दुसऱ्यांदा तू विचारलंस ते पोलिस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाल्यावर. नवी किलो-लिटरची मापं आली होती. बाजारातल्या जुन्या-नव्या मापांचा फरक लोकांना समजावून सांगायला आणि मापं तपासायला एक जाणता माणूस नेमायचा होता. पंच मंडळींनी तुझं नाव काढलं. डोळ्यानं तपासायचं काम, एक हात पुरला असता. गावातला शिकलेला म्हणून त्यांनी मला विचारलं. मी एक शब्दही वाईट बोललो नाही. मी फक्त म्हणालो, "बसलिंगचं माप... तुम्हाला ठाऊकच आहे," आणि हसलो. तेही हसले. दुसरंच नाव ठरलं.

का केलं मी हे? तू पुन्हा मापावर बसला असतास तर कधीतरी कुणीतरी विचारलं असतं की एवढ्या पक्क्या हाताचा माणूस तेव्हा चुकला कसा. मला तू चुकलेलाच हवा होतास.

त्या संध्याकाळी तू घरी आलास. मी काय म्हणालो ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. दोन नारळ घेऊन आलास, तुझ्या पोरीच्या बारशाचे. अंगणात बसून म्हणालास, "माझं नाव निघालं व्हतं म्हणं. बरं झालं नाई झालं ते. माझा माझ्यावरच इस्वास ऱ्हायला न्हाई, दत्तू. झोपताना बी मनात माप भरतो आन् अंगठा फिरवतो. मला वाटतंय अंगठा फिरवला व्हता मी. दोनदा तर नक्की. मग कामून झालं तसं?" आणि मग, "तराजू खरंच नव्हता का रे तिथं?"

माझी बायको आतून नारळ फोडायला कोयता मागत होती. मी म्हणालो, "नव्हता," आणि कोयता द्यायला उठलो.

माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस तू माझ्या ओसरीवर येऊन बसलास. एका हातानं माझ्यासाठी भाकरीचे तुकडे केलेस आणि ताट पुढं सरकवलंस. माझ्या आयुष्यात माझ्यावर एवढी माया कुणी केली नाही. ती माया घेताना मला चव लागत होती, बसलिंग. भाकरी मी खाल्ली.

ती पट्टी अजून माझ्याकडं आहे. कोट फाटला, पट्टी राहिली. हा कागद आणि ती पट्टी घेऊन मी उद्या गंगाबाईंकडं जाणार आहे. त्यांना वाचून दाखवीन, या वेळी एकही वाक्य न गाळता. त्या मला घराबाहेर काढतील तर काढोत. त्यानंतर हे छापलं जाईल आणि गंजातले ते दोन म्हातारे चष्मा लावून वाचतील, की तुझा अंगठा बरोबर होता.

तिसरी वेळ तुला आठवत असेल. तू जायच्या सहा दिवस आधी मी आलो होतो. मनाशी बांधून आलो होतो. रिक्षात दोनदा म्हणून पाहिलं, तर रिक्षावाल्यानं वळून बघितलं. गंगाबाई चहा ठेवायला आत गेल्या. तू डोळे उघडलेस आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवलास.

"दत्तू, आता काय अमीन येत न्हाई. आता तरी सांग. तराजू नव्हता का?"

तू हसत होतास. तुला ठाऊक होतं. किती वर्षांपासून ते मला कधीच कळणार नाही, पण ठाऊक होतं. मी माझ्या तोंडानं म्हणावं एवढंच तुला हवं होतं.

मी म्हणालो, "नव्हता रे."

"बरं," तू म्हणालास, हात काढून घेतलास आणि भिंतीकडं तोंड केलंस. चहा आला. मी तो सगळा प्यालो.

रिक्षात म्हणून पाहिलं होतं ते असं होतं: बसलिंग, तराजू होता. पट्टी माझ्या खिशात होती. तिसरं काडतूस कोणतं ते मला ठाऊक होतं. तुझं माप चुकलं नव्हतं. मला माफ कर.